फ्लॅप बसवायला दोघं लागतात

विल्मा ट्रेझीसच्या जिभेला हाड नाही हे ट्रेगी फ्लॅट गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमानच होता. नवरा गेला तेव्हा चर्चमध्ये चार शब्द बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, "कीथ चांगला माणूस होता. फक्त मागचं फाटक दुरुस्त करतो, करतो म्हणत सगळा संसार काढला आणि तसाच गेला." लोकांना हसावं की डोळे पुसावेत कळेना. विल्मा खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, "खोटं बोलले का मी?"

गावच्या शाळेत ती गणित शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता आजोबा झाली होती, तरी दुकानात ती समोर आली की पोट आत घेऊन उभी राहायची. पण तिचं स्वतःचं शिक्षण झालं होतं वडिलांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वडील बार्ली कापायची यंत्रं दुरुस्त करत. नळीतलं तेल एका टोकाला दाबलं की दुसऱ्या टोकाला केवढं ओझं उचललं जातं, हे तिने पाढे शिकायच्या आधी पाहिलं होतं. तेलात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी जोर कुठल्या कुठे जातो, पंपाचा दांडा हाताला लोण्यासारखा मऊ लागतो, हेही तिला तेव्हापासून कळत होतं. त्यामुळे नोकरी संपल्यावर तिने स्वतःच्या हाताने दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं तेव्हा मुलगा पर्थहून फोनवर ओरडला, पण गावात कोणाला नवल वाटलं नाही.

नवल वाटण्यासारखं त्यात नव्हतंच. दुसरीकडे म्हातारी माणसं गुलाब लावतात, ट्रेगी फ्लॅटला विमानं बांधतात. गावाबाहेर चुनखडीची कच्ची धावपट्टी, दोन्ही बाजूंना बार्ली, पश्चिमेला समुद्र आणि बारा महिने वारा. धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेड, आणि प्रत्येक शेडमध्ये कोणाचं तरी अर्धं विमान. कोणाला पंख नाहीत, कोणाला शेपूट नाही. शनिवारी सगळे एकमेकांच्या शेडमध्ये चहाचे मग घेऊन फिरणार आणि नावं ठेवणार.

या सगळ्यांत फ्लॅपचं काम विल्माचं. विमान उतरताना पंखांच्या मागच्या कडेला दोन झडपा खाली येतात, त्या फ्लॅप. त्या खाली आल्या की विमान हळू चालतं आणि तरी पडत नाही. दोन्ही सारख्या खाली यायला हव्यात, एवढीच अट. एक कमी आणि एक जास्त झाली की विमान कमी उतरलेल्या बाजूला कुशीवर कलतं, आणि तेही जमिनीजवळ, जिथे सावरायला जागा नसते. हल्ली लोक विजेची मोटर लावून मोकळे होतात. पण ट्रेगी फ्लॅटला एकाच जुन्या विमानाचे नकाशे हातोहात फिरले होते आणि त्यात हातपंप आणि तेल होतं. सीटच्या बाजूला दांडा. तो मारला की तेल खालच्या नळकांड्यात जातं, नळकांडं एक आडवी दांडी फिरवतं, आणि दांडीच्या दोन टोकांना दोन रॉड, एकेका फ्लॅपचा. रॉडच्या टोकाला आटे असतात. आत फिरवलं की फ्लॅप वर, बाहेर फिरवलं की खाली.

हे काम करायची इथली रीत ठरलेली. एकाने आत बसून पंप मारायचा, दुसऱ्याने पंखामागे उभं राहून बघायचं आणि "थांब" म्हणायचं. फ्लॅपला एकट्याने पाना लावायचा नाही. दुसऱ्याच्या विमानाला तर मुळीच नाही. दिसलं ते बोलायचं, बोट दाखवायचं आणि मागे सरकायचं, कारण इथे माणसाजवळ सांगण्यासारखी गोष्ट एकच: हे मी बांधलं. आणि तपासनिसाची सही झाली की पहिलं उड्डाण होईपर्यंत पाना पेटीत. हे कुठे लिहून लावलेलं नव्हतं, तशी गरजही कधी पडली नव्हती.

क्लेम पॅस्कोची शेड विल्माच्या शेजारी. तो गावचा बेकर. सगळं आयुष्य लोक झोपेत असताना उठला आणि लोक जागे असताना पेंगला. त्यामुळे दुकान विकल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं की दुपार नावाची एक गोष्ट असते, आणि तिचं काय करायचं हे न सुचल्याने त्याने विमान बांधायला घेतलं. पंख होईपर्यंत बायको मेव्हिस होती. ती गेल्यावर त्याने वर्षभर शेडचं दार उघडलं नाही. मग एका शनिवारी विल्मा गेली आणि दारावर लाथ मारून म्हणाली, "आत उंदीर झालेत. तुझे तुला आवडत असतील, माझ्या शेडमध्ये येतायत." दुसऱ्या दिवशी क्लेम आला.

तेव्हापासून दोघांचा शनिवार एकत्र जायचा. ती त्याच्या फ्लॅपचा पंप मारायची, तो तिच्यासाठी पेस्टी, म्हणजे मटण-बटाटा भरलेली भाजकी करंजी, आणायचा, ती पेस्टीला नावं ठेवायची. गाव चेष्टा करायचं. रॉस लिंडनर तर सरळ विचारायचा, "काय क्लेम, लग्नाचा केक स्वतःच करणार की बाहेरून आणणार?" क्लेमचे कान लाल व्हायचे. विल्मा म्हणायची, "रॉस, तू आधी तुझ्या विमानाचं शेपूट सरळ कर." दोघांमध्ये जे होतं त्याला काय म्हणायचं, हे तिने कधी ठरवलं नाही. ठरवलं असतं तर बोलून टाकलं असतं.

क्लेममध्ये एक खोड होती. कोणी चूक दाखवली की तो नुसती चूक दुरुस्त करायचा नाही, सगळंच उसवून पुन्हा करायचा. विल्माने एकदा त्याच्या काचेच्या छताला हात लावून म्हटलं होतं, "ही बिजागरी जरा तिरकी आहे." तिरकी होतीच. क्लेमने मान डोलावली, घरी गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं छत काढून बसला. त्यात दोन हंगाम गेले. विल्माने त्याला कितीदा सांगितलं, "अरे म्हाताऱ्या, बिजागरी म्हटलं मी, छत नाही म्हटलं." तो म्हणायचा, "पाव एका बाजूने कच्चा राहिला तर तेवढीच बाजू परत भाजता येते का?"

आता तो अठ्ठ्याहत्तरचा होत होता. या वयात उडायला डॉक्टरचा दाखला लागतो. त्याच्याकडचा दाखला वसंत ऋतूपर्यंत, म्हणजे इकडच्या सप्टेंबरपर्यंत, चालणारा होता, आणि पुढचा मिळेल याची कोणी खात्री दिली नसती. जिना चढल्यावर तो चपलेचा पट्टा बघायच्या निमित्ताने थांबतो, हे विल्माला दिसत होतं. एप्रिलमध्ये विमान तयार झालं. उडायचं तर आत्ताच, हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हते.

शुक्रवारी सकाळी रॉस तपासायला आला. तोच तिथला तपासनीस. विल्मा आत बसून पंप मारत होती, क्लेम पंखामागे होता. रॉसने दोन्ही फ्लॅप हाताने हलवून पाहिले, ढिले नाहीत म्हणाला, नळ्यांवर बोट फिरवलं, तेल कुठे गळत नाही म्हणाला, आणि सही करून गेला. उद्या सकाळी उड्डाण. विल्मा खाली उतरली, हात पुसत शेपटीमागे गेली, आणि सवयीने एक डोळा मिटून पंखांच्या कडेवरून नजर टाकली.

डावा फ्लॅप बोटभर खाली होता.

तिने जागा बदलून पुन्हा पाहिलं. बोटभरच. आणि कारणही लगेच दिसलं. क्लेम जमिनीवर काठी उभी धरून फ्लॅपची उंची मोजायचा. मागच्या पावसाळी थंडीत शेडची डावीकडची जमीन खचली होती. काठी खाली गेली, म्हणून फ्लॅप वर आहे असं त्याला वाटलं, म्हणून त्याने तो खाली घेतला. साधी गोष्ट.

"कसं दिसतंय?" क्लेमने विचारलं.

तिच्या तोंडाशी आलं होतं. पण त्याचं तोंड पाहिलं. गुळगुळीत दाढी, स्वच्छ शर्ट, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं दिसतात तसा. तिने सांगितलं असतं तर त्याने रॉसला परत बोलावलं असतं, दोन्ही रॉड काढले असते, मग आडवी दांडी, मग नळकांडं. मग थंडी आली असती. मग दाखला संपला असता.

"बरं दिसतंय," ती म्हणाली.

"बरं? विल, तुझ्या तोंडून बरं? थांब, मला बसू दे."

"बस नाहीतर उभा राहा. मला भूक लागलीय."

"आणतो पेस्टी. बेकरीतल्या त्या नवीन माणसाला सांगतो, शलगम घाल म्हणून. घालतच नाही गधडा." तो गाडी घेऊन गावात गेला.

विल्माने पाना घेतला. डाव्या रॉडचं टोक सोडवलं, आटे आत फिरवले, नट कसला, क्लेमच्याच बाटलीतला हिरवा रंग नटावर लावला. मागे जाऊन पाहिलं. दोन्ही कडा एका रेषेत. फार वेळ लागला नाही. पाना पुसून पेटीत ठेवताना मात्र तिने दाराकडे पाहिलं, आणि त्याचा तिला राग आला. कोणाची चोरी केली नव्हती. म्हाताऱ्याला उडता यावं म्हणून चार आटे फिरवले होते.

पेस्टीला तिने नावं ठेवली नाहीत.

"दात दुखतोय का?" क्लेमने विचारलं.

"नाही."

"मग शलगम नाही म्हणून शिव्या दे ना. मला चुकल्यासारखं होतंय."

"खा गप्प," ती म्हणाली, आणि तो समाधानाने खायला लागला.

शनिवारी वारा उजवीकडून होता, पण फार नव्हता. सगळं गाव खुर्च्या घेऊन आलेलं. उड्डाणाआधी फ्लॅप एकदा खाली-वर करून दाखवायचे आणि कोणीतरी मागे उभं राहून बघायचं, ते काम विल्माचं. पण तिला त्या विमानामागे उभं राहून क्लेमला अंगठा दाखवायचा धीर होईना. ती म्हणाली, "आग विझवायची गाडी घेऊन पलीकडच्या टोकाला कोणीतरी हवं. मी जाते." रॉस चहाचा मग घेऊन बाजूलाच उभा होता. तिथूनच ओरडला, "खाली, वर. ठीक आहे. जा बाबा, जा." फ्लॅप वर मिटलेले असले की रबरी गुटक्यांवर टेकतात आणि सारखेच दिसतात. फरक दिसतो तो खाली आल्यावर, आणि तोही मागून.

क्लेम उडाला. विल्मा गाडीच्या टपाला टेकून बघत होती. विमान समुद्राकडे वळलं, पांढरा ठिपका झालं, मग दिसेनासं झालं, परत आलं. मग तो उतरायला वळला. इंजिनचा आवाज कमी झाला. पट्टीच्या वर आला आणि फ्लॅप खाली आले, तसा डावा पंख खाली गेला.

वाऱ्याने जाईल तेवढा नव्हे. कोणी खाली ओढल्यासारखा.

क्लेमने सावरलं, म्हातारा असून सावरलं, पण विमान डाव्या चाकावर आदळलं. चाकाचा पाय दुमडला, पंखाचं टोक चुनखडीत घासत गेलं, विमान फिरून उभं राहिलं. विल्मा पोचली तेव्हा क्लेम बाहेर आला होता. कपाळावर खरचटलेलं. पडल्यावर पोर रडायच्या आधी इकडेतिकडे बघतं, तसा तो बघत होता.

"लागलं का?"

"मला नाही," तो म्हणाला.

विमान ढकलत शेडमध्ये आणलं. सगळे भोवती जमले. कोणी म्हणालं वारा, कोणी म्हणालं वारा नव्हे. क्लेम एका डब्यावर बसला होता. "वारा नाही," तो म्हणाला. "मी केलं. काल संध्याकाळी."

रॉस म्हणाला, "काय केलंस?"

"माझ्या हातून छर्रा पडला. बेअरिंगचा छर्रा. तो घरंगळत डाव्या भिंतीपर्यंत गेला. मग पाणसळ लावून पाहिलं, तर जमीन खचलेली. म्हणजे माझं मोजमाप चुकलेलं, डावा फ्लॅप खाली. किती, ते गणित केलं आणि तेवढा वर घेतला."

"सही झाल्यावर?"

"हो."

"एकट्याने?"

"हो म्हणतोय ना. दिवस मावळला होता. काठीने परत मोजलं नाही, काठीवर विश्वासच राहिला नव्हता. गणितावर विसंबलो. तेच चुकलं असणार. आणखी कोणाचं काही नाही."

रॉस हळूच म्हणाला, "क्लेम, अरे कोणाला हाक मारायची." आणि बाकीचे जमिनीकडे बघू लागले. आपल्यातलं एखादं माणूस थकलं हे ज्या दिवशी कळतं, त्या दिवशी लोक असे बघतात.

विल्मा तिथेच उभी होती. तिला एका क्षणात सगळं कळलं. तिने बोटभर वर घेतला, तो बरोबर झाला. मग त्याने आणखी बोटभर वर घेतला. कोणीच हात लावला नसता तर उजवीकडच्या वाऱ्याने कदाचित उलट सांभाळून घेतलं असतं. तिने बोलायला तोंड उघडलं. आयुष्यभर नको तिथे उघडलेलं तोंड. समोर रॉस होता, रॉसची बायको होती, तिचे जुने विद्यार्थी होते. तिने तोंड मिटलं.

रविवारी तिने स्वतःला सांगितलं, आज त्याला विश्रांती हवी. सोमवारी पाऊस होता. मंगळवारी ती त्याच्या घरापर्यंत जाऊन गाडी न थांबवता परत आली, आणि घरी येऊन कीथच्या त्या फाटकाला लाथ घातली. बुधवारी मात्र गेली. दार वाजवलं नाही, सरळ स्वयंपाकघरात शिरली. क्लेम पीठ मळत होता. पीठ मळायचं काही कारण नव्हतं, घरात खाणारा तो एकटा.

"बस," तो म्हणाला. "हात भरलेत."

"बसत नाही. क्लेम, शुक्रवारी तू पेस्टी आणायला गेलास तेव्हा मी तुझा डावा फ्लॅप वर घेतला. खाली होता, मला दिसलं होतं. सांगितलं नाही. तू परत सगळं उसवशील म्हणून. मी आधी बरोबर केला होता, मग तू केलास. म्हणून झालं."

तिला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडायला हवं होतं. ती त्याची तयारी करूनच आली होती. क्लेमचे हात पिठात थांबले.

"किती फिरवलास?" त्याने विचारलं.

"चार आटे."

"मीही चार." त्याने मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून विल्माला खुर्ची ओढून बसावं लागलं. तो हसत होता. "म्हणजे गणित बरोबर होतं माझं. विल, बरोबर होतं! मी चार दिवस कागदावर तेच करतोय. दर वेळी चारच येतंय, आणि मला वाटतंय, आता मला बेरीजसुद्धा जमत नाही."

"बरोबर होतं," ती म्हणाली. "मास्तरीण म्हणून सांगते. पैकीच्या पैकी."

तो अजून हसत होता. मग हळूहळू हसू विरलं. त्याने हात धुतले, फार सावकाश धुतले.

"सोमवारी मी डॉक्टरकडे दाखला देऊन आलो," तो म्हणाला. "परत. म्हटलं, नको मला आता. ज्याला बोटभर गणित जमत नाही त्याने उडू नये."

"परत घे! माझ्याशी चल, आत्ता. मी सांगते त्याला."

"तसा परत मिळत नाही तो. नव्याने सगळं तपासतात."

"मग तपासू दे." ती उठली, पुन्हा बसली. "तू मला का नाही बोलावलंस, क्लेम? शुक्रवारी संध्याकाळी? एक फोन. मी आले असते, आत बसले असते, पंप मारला असता. तिथेच कळलं असतं."

क्लेम टॉवेलने एकेक बोट पुसत होता.

"फोन हातात घेतला होता," तो म्हणाला. "मग वाटलं, तू म्हणशील, एवढे महिने काय झोपा काढत होतास का, जमीन खचलेली दिसली नाही? आणि शनिवारी सगळ्यांसमोर पुन्हा म्हणशील. एक दिवस, विल. म्हटलं, उद्याचा एक दिवस नको." त्याने टॉवेल खिळ्याला अडकवला. "तू वाईट नाहीस गं. पण तुझ्यापुढे चुकायची भीती वाटते."

हे तो रागाने बोलला असता तर तिने उत्तर दिलं असतं. तो कोणाला पत्ता सांगावा तसा बोलला. विल्माला त्या क्षणी शाळेतली कितीतरी पोरं आठवली, फळ्यापुढे खडू धरून उभी, उत्तर येत असून न लिहिणारी. तिला वाटायचं त्यांना येत नाही.

ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. तपासणीत डोळे चांगले निघाले, कान बरे निघाले. छातीला तारा लावल्यावर डॉक्टरने कागद दोनदा पाहिला आणि दाखला देता येणार नाही म्हणाला. जुना दाखला राहिला असता तर निदान वसंतापर्यंत कोणी छातीला तारा लावल्या नसत्या. विल्माने डॉक्टरशी भांडण केलं. तोही तिचाच विद्यार्थी. तो नुसता म्हणाला, "बाई, मला खोटं लिहायला तुम्हीच शिकवलं नाही."

शनिवारी तिने सगळ्यांना चहाच्या वेळी जमवलं आणि काय झालं ते सांगितलं. रॉस म्हणाला, "तू? तू गप्प बसलीस?" त्या दिवसापासून लोक क्लेमकडे पुन्हा नीट बघायला लागले, एवढं झालं. पण त्याचा उपयोग आता कशाला होता?

सगळी थंडी त्यांनी विमान दुरुस्त केलं. चाकाचा पाय नवा, पंखाचं टोक नवं. विल्माने एका पान्यालाही आपण होऊन हात लावला नाही. दिसेल ते बोलायची, पण आता बोलायच्या आधी ती शब्द मोजायची, आणि क्लेमला ते कळायचं. तो म्हणायचा, "बोल ना बये, गिळू नकोस." ती बोलायची. पण पूर्वीसारखं ते हसण्यावारी जायचं नाही. दोघंही जरा जपून असायचे, आणि शनिवार पूर्वीपेक्षा लवकर संपायचा. फ्लॅप पुन्हा बसवले तेव्हा ती आत बसली, तो मागे उभा राहिला, आणि त्याने "थांब" म्हटलं तिथे ती थांबली. मग त्याने रॉसलाही बोलावून मागे उभं केलं. पूर्वी विल्माची नजर पुरायची.

सप्टेंबरमध्ये तो म्हणाला, "तू उडव."

"मी नाही. तुझं विमान आहे."

"म्हणूनच सांगतोय. शेडमध्ये बसून काय करेल ते? माझ्यासारखं?"

ती उडाली. वारा नव्हता. विमान वर गेलं ते असं की ती सुकाणूवरचा हात सैल करून बसली, आणि ते सरळ चाललं, ना डावीकडे ना उजवीकडे. खाली हिरवी बार्ली, पलीकडे समुद्र, खाली धावपट्टीच्या कडेला एक खुर्ची आणि त्यात एक माणूस. उतरताना तिने पंप मारला. पंपाचा दांडा हाताला घट्ट लागला, एक बुडबुडा नाही. दोन्ही फ्लॅप खाली आले आणि विमान पायरी उतरावं तसं खाली बसलं. तिच्या स्वतःच्या विमानाने तिला असं कधी उतरवलं नव्हतं.

क्लेम खुर्चीतून उठून आला होता. इंजिन थांबेपर्यंत थांबला, मग पंखावर हात ठेवून म्हणाला, "सांग."

आणि ती सांगायला लागली. काही न गाळता, वर कसं चढतं, वळताना कसं कलतं, फ्लॅप खाली आले की नाक किती झुकतं, सुकाणू किती हलकं, काचेचं छत किती शांत. क्लेम ऐकत होता, मधूनमधून मान हलवत. ज्याने पाव भाजला त्यालाच आपण तो कसा लागतो ते सांगतोय, हे तिच्या लक्षात आलं, पण तिला थांबता येईना.

"आणि उजवीकडे वळताना जरासं..." ती म्हणाली.

"पुरे, विल," क्लेम म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आजच्याला एवढं पुरे. बाकीचं पुढच्या शनिवारी सांग."

तो शेपटीकडे गेला, विमान आत ढकलायला. विल्मा उतरली आणि पंखाच्या टोकाशी गेली, दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून.